शिडाच्या नौकेचा रात्रीचा निवारा

शेतकऱ्याच्या नांगराला आणि खलाशाच्या नांगराला मराठीत एकच शब्द आहे. दोघांचे काम मात्र परस्परविरुद्ध. शेतातला नांगर जमिनीत शिरून पुढे चालला पाहिजे. समुद्रातला नांगर जमिनीत शिरून तेथेच रुतून बसला पाहिजे. असे असूनही या दोहोंचे नाते केवळ शब्दापुरते नाही. जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३३ साली एक नवा नांगर शोधून काढला. त्याचा आकार थेट शेतातल्या नांगराच्या फाळासारखा होता. वजनाने हलका असूनही वाळूत किंवा चिखलात तो असा शिरे की, जितकी ओढ अधिक तितका तो खोल जाई. टेलर स्वतः शिडाच्या नौकेतून दूरवर भ्रमंती करणारे होते. समुद्रात नौका चालविण्याइतकेच तिला एका जागी धरून ठेवणेही कठीण, हे ते अनुभवाने जाणत होते.

श्रोतेहो, शिडाच्या नौकेतील प्रवास म्हटला की वाऱ्याने फुगलेले शीड आणि पाणी कापीत जाणारी नाळ डोळ्यांपुढे येते. परंतु जाणत्या नाखव्याची खरी परीक्षा दिवस मावळताना होते. कोणत्या खाडीत शिरावे, कोठे थांबावे, नांगर कसा टाकावा आणि पहाटेपर्यंत नौका जागची हलणार नाही याची खात्री कशी करावी, या प्रश्नांच्या उत्तरांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. यांपैकी अर्धी उत्तरे नावाड्याच्या हाती असतात आणि अर्धी किनाऱ्यावरच्या गावाच्या हाती. शांत खाडी ही निसर्गाची देणगी खरी. परंतु तिचा सुरक्षित निवारा बनतो तो या दोघांच्या शहाणपणातून.

शिडाचे दिवस संपलेले नाहीत

यंत्राच्या युगात शिडाचे काय काम, असा प्रश्न सहज विचारला जातो. त्याचे उत्तर भारतीय नौदलाने कृतीने दिले आहे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरे घेऊन मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये वाटेत कोठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा केली. पुढे गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’ या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी प्रदक्षिणा पूर्ण करून गोव्यास पोहोचल्या.

हे पराक्रम महासागरावरचे. तेथे आठवडेच्या आठवडे जमीन दृष्टीस पडत नाही आणि नांगर खणातच पडून असतो. किनाऱ्याकिनाऱ्याने होणारी भ्रमंती निराळी. दहाएक मीटर लांबीची नौका, दोन-चार माणसे, दिवसाकाठी पंचवीस-तीस सागरी मैलांचा पल्ला आणि प्रत्येक संध्याकाळी नवी खाडी, असा तिचा क्रम असतो. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. मुंबई ते मालवण हे अंतर समुद्रमार्गे पावणेदोनशे सागरी मैलांच्या आसपास भरते. म्हणजे हा सहा-सात दिवसांचा सावकाश प्रवास झाला. शालेय पुस्तकांतून ७२० किलोमीटर म्हणून शिकविल्या गेलेल्या आपल्या किनाऱ्यावर राजपुरी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड अशा जागा एकामागून एक आहेत. जुन्या काळी मचवे आणि गलबते याच वाटेने, याच जागी रात्री काढीत चालत.

या भ्रमंतीचे वेळापत्रक वारा ठरवितो. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करण्याची प्रथा आहे. तरी पावसाळी वारे सप्टेंबरात ओसरतात आणि समुद्र खऱ्या अर्थाने निवळतो तो त्यानंतर. ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ शिडाच्या नौकांचा. या काळात पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो. सकाळ वर चढली की तो पडतो, मध्यंतरी समुद्र आरशासारखा होतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा वाहू लागतो. दक्षिणेस जाणाऱ्या नौकेला हा दुपारचा वारा पाठीमागून मिळतो. उत्तरेस जाणाऱ्या नौकेला मात्र पहाटेच्या मतलई वाऱ्यावर शक्य तितका मजल मारून घ्यावी लागते. त्यानंतर तिला वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी वाटेने चढावे लागते. म्हणूनच कोकणातला तांडेल पहाटे अंधारातच नांगर उचलतो.

निवाऱ्याची निवड

नांगर टाकण्याजोगी जागा ओळखताना चार गोष्टी पाहाव्या लागतात: आडोसा, खोली, तळ आणि मोकळे पाणी.

आडोसा म्हणजे वाऱ्यापासून आणि विशेषतः लाटांपासून संरक्षण. समुद्रात पुढे आलेला डोंगराचा सुळका, बेट किंवा खाडीचे वळण हे काम करते. विजयदुर्ग हे याचे उत्तम उदाहरण होय. वाघोटण खाडीच्या मुखाशी, दक्षिण तीरावरील खडकाळ टोकावर किल्ला उभा आहे आणि त्याच्या आतल्या अंगास पाणी निवांत असते. कोकणातील कित्येक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा पडलेला असतो. त्यामुळे भरतीची वाट पाहिल्याखेरीज आत शिरणे धोक्याचे ठरते. विजयदुर्गच्या तोंडाशी असा दांडा नसल्यामुळे कोणत्याही हवामानात आत शिरता येते, अशी या बंदराची जुन्या गॅझेटियरमध्येही वाखाणणी आहे. आंग्र्यांनी याच खाडीत आत गिर्ये येथे खडक फोडून सुमारे ३५५ फूट लांबीची गोदी केली, त्यामागे हेच शहाणपण होते.

याच जागेने एक कठोर धडाही दिला आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनच्या आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयास एकमेकांशी जखडून उभी होती. तोफगोळ्याने त्यांतील एका जहाजास आग लागली, ती एकावरून दुसऱ्यावर पसरली आणि बंदरात उभे असलेले आरमार भस्मसात झाले. तो प्रसंग युद्धाचा होता हे खरे. परंतु दाटीवाटीने उभ्या केलेल्या नौकांवर एका नौकेचे संकट सर्वांवर येते, हा नियम शांततेच्या काळातही बदलत नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. तिचा विचार भरती-ओहोटीला सोडून करता येत नाही. मुंबईस उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो आणि मालवण-गोव्याकडे दोन मीटरांच्या आसपास राहतो. भरतीच्या वेळी तीन मीटर पाणी पाहून नांगर टाकलेली नौका ओहोटीस एक मीटर पाण्यात सापडली, तर तिचा तळ जमिनीस टेकून ती कलंडणार हे उघड आहे. भरतीची वेळ सांगणारी एक जुनी युक्ती किनाऱ्यावर सर्वतोमुखी आहे. पक्षातील तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळ मानाने मिळते. चतुर्थीस ३ वाजता, अष्टमीस ६ वाजता. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, हे कोळीवाड्यातील लहान मुलासही ठाऊक असते. ठिकाणपरत्वे वेळेत थोडा फरक पडतो. म्हणून नेमक्या वेळेसाठी छापील भरती-कोष्टक जवळ असावे, आणि डेहराडून येथील राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशेही असावेत.

तिसरी गोष्ट तळाची. चिकण चिखल आणि घट्ट वाळू नांगराला धरून ठेवतात. सपाट कातळावर नांगर नुसता घसरतो. खडकांच्या फटीत तो कधी असा अडकतो की पुन्हा निघत नाही. पाणवनस्पतींच्या दाट थरात त्याचे टोक जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. पूर्वी ओळंब्याच्या बुडाशी असलेल्या खोबणीत चरबी भरून तो खाली सोडीत. वर आल्यावर चरबीला वाळू चिकटली, चिखल चिकटला की काहीच नाही, यावरून तळाची परीक्षा होई. ही साधी रीत आजही खोटी ठरलेली नाही.

दिवसउजेडी पोहोचणे हाही निवडीचाच भाग होय. आपला किनारा पश्चिमाभिमुख आहे. दुपारी तीन-चारच्या सुमारास खाडीत शिरणाऱ्या नौकेच्या पाठीशी सूर्य असतो आणि पाण्याखालचे खडक काळसर, तर वाळूचा तळ उजळ असा वेगवेगळा दिसतो. मालवणसारख्या खडकांनी भरलेल्या बंदरात ही अनुकूलता मोलाची आहे. अंधार पडल्यावर अनोळखी खाडीत शिरण्यापेक्षा खोल समुद्रात राहून रात्र काढणे अधिक सुरक्षित, असे जाणकार सांगतात.

नांगर टाकण्याचे शास्त्र

नांगर आपल्या वजनाने नौका धरून ठेवतो, असा सर्वसाधारण समज आहे. दहा-पंधरा किलो वजनाचा नांगर काही टन वजनाच्या नौकेला वजनाने कसा आवरील? तो आवरतो तो जमिनीत रुतून. आणि रुततो केव्हा, तर त्याच्यावरची ओढ जमिनीशी समांतर असेल तेव्हा. ओढ वरच्या दिशेने बसली की तोच नांगर उपटून येतो. यास्तव साखळी भरपूर लांब सोडावी लागते. तळावर पडलेली साखळी ओढ आडवी ठेवते, आणि झुळूक जोराची आली तर तिचा झोल ताणला जाऊन धक्का सौम्य होतो.

किती साखळी सोडावी याचा हिशेब शाळेतील मुलांनाही करता येईल असा आहे. समजा, ओहोटीच्या वेळी पाणी तीन मीटर आहे, नौकेचे पुढचे टोक पाण्यापासून एक मीटर उंच आहे आणि भरतीने पाणी दोन मीटर चढणार आहे. एकूण उंची सहा मीटर झाली. तिच्या पाचपट, म्हणजे तीस मीटर साखळी सोडली पाहिजे. भरतीचा विचार न करता चार मीटरांच्या पाचपट म्हणून वीसच मीटर सोडली, तर मध्यरात्री पूर्ण भरतीस ते प्रमाण तीनपटीच्या जरासेच वर राहील आणि नांगर सुटण्याचा धोका उत्पन्न होईल. साखळीऐवजी दोर असेल तर सातपट किंवा अधिक लांबी हवी, आणि वादळी हवेत साखळीही त्याच मानाने वाढवावी.

प्रत्यक्ष कृतीत घाई उपयोगी नाही. शिडे उतरवून नौकेची नाळ वाऱ्याच्या तोंडाकडे वळवावी. ती पूर्ण थांबली की नांगर फेकून न देता हळूहळू तळापर्यंत सोडावा. मग वाऱ्याने नौका मागे सरू लागते. तसतशी साखळी सोडीत जावे. एका जागी ढीग पडू देऊ नये. पुरेशी साखळी गेल्यावर ती बांधून, यंत्र असेल तर ते उलटे चालवून नांगर धरला की नाही हे पाहावे. त्यानंतर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्यात. देवळाचा कळस आणि त्यामागचा माड, अथवा बुरुजाचा कोपरा आणि डोंगरावरचे घर. आडव्या दिशेस अशीच दुसरी जोडी धरावी. खुणांची रेष मोडली आणि मोडतच गेली तर नांगर घसरतो आहे असे समजावे. आज उपग्रहांवरून स्थान सांगणारी उपकरणे आहेत आणि नौका सरकली की ती घंटाही वाजवितात. तथापि, विजेवर न चालणारी ही जुनी रीत अंगवळणी असलेला खलाशी अधिक निश्चिंत झोपतो.

कोकणच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. संध्याकाळी वायव्येच्या वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिलेली नौका पहाटे मतलई वारा सुटताच पूर्वेकडे तोंड फिरविते. खाडीच्या आत भरती-ओहोटीचा प्रवाहही तिला दिवसातून चार वेळा फिरवितो. तीस मीटर साखळी आणि दहा मीटर नौका, म्हणजे नांगराभोवती सुमारे चाळीस मीटर त्रिज्येचे वर्तुळ मोकळे हवे. संध्याकाळी खडक सुरक्षित अंतरावर पाठीमागे दिसला म्हणून तिकडे दुर्लक्ष करणाऱ्या नौका पहाटे दुसऱ्याच अडथळ्यावर जाऊन आदळतात. चौथी गोष्ट, म्हणजे मोकळे पाणी, ती यासाठीच.

रात्री नांगरलेल्या नौकेवर चोहोबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा आणि दिवसा काळा गोल लावावा, असा १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांचा दंडक आहे. खाडीत मासेमारी नौका पहाटे अंधारातच ये-जा करतात. एका दिव्याचा कंटाळा दोन कुटुंबांना भोवू शकतो, हे विसरता कामा नये.

खाडी कोणाची?

येथपर्यंतचा भाग नावाड्याच्या कर्तव्याचा. आता किनाऱ्याकडे वळावयास हवे. कारण पाहुण्याला निर्जन वाटणारी खाडी वस्तुतः निर्जन नसते. उत्तर कोकणात खुंटांना बांधलेली डोल जाळी प्रवाहात पसरलेली असतात. सिंधुदुर्गात रापणीचे जाळे होडीतून अर्धवर्तुळाकार सोडून माणसांचे दोन गट ते पुळणीवरून ओढतात. या एका जाळ्यावर अनेक घरांची चूल अवलंबून असते. रापणीच्या जागी एखादी नौका नांगर टाकून बसली, तर त्या दिवशीची ओढ फुकट जाते. नांगरात जाळे अडकले तर हंगामाचे नुकसान होते. त्यामुळे अनोळखी खाडीत शिरणाऱ्याने सर्वांत आधी तेथील तांडेलास विचारावे. कोणता नकाशाही जे सांगू शकणार नाही ते त्याच्याकडून कळते: बुडालेला पडाव कोठे आहे, वाळू गेल्या पावसाळ्यात कोठे सरकली, कोणत्या महिन्यात कोणत्या अंगाने लाट आत येते.

दुसरा प्रश्न समुद्रतळाचा. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. १९८७ साली तेथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. प्रवाळ हा दगड दिसतो, परंतु तो असंख्य सूक्ष्म जीवांनी उभारलेला असतो. घट्ट गोलाकार वाढणारे प्रवाळ वर्षाकाठी सेंटिमीटरभर वाढतात. पन्नास सेंटिमीटर उंचीचा असा प्रवाळ घडावयास अर्धशतक लागते. लोखंडी नांगराचा एक आघात किंवा रात्रभर फिरणारी साखळी ते काम क्षणात धुळीस मिळविते. माशांची पिले याच आडोशाला वाढतात. म्हणजे येथे नुकसान होते ते शोभेचे नव्हे, तर उद्याच्या मासळीचे. भित्तिप्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आहे, ते या कारणास्तव.

यावर उपाय आहे आणि तो खर्चाच्या मानाने साधा आहे. कॅरिबियन समुद्रातील बोनेर बेटाने १९७९ साली आपल्या किनाऱ्याभोवती सागरी उद्यान निर्माण केले. तेथे येणाऱ्या नौकांना प्रवाळांवर नांगर टाकण्याची मनाई आहे. त्यांनी तळाशी कायम पक्क्या केलेल्या बोयाला नौका बांधावयाची आणि त्यासाठी शुल्क द्यावयाचे. अमेरिकेत फ्लोरिडातील की लार्गो येथे जीवशास्त्रज्ञ जॉन हॅलास यांनी १९८१ मध्ये तळाच्या खडकात छिद्र पाडून त्यात लोखंडी कडी पक्की बसविण्याची पद्धत सुरू केली. एका कडीवर एकामागून एक शेकडो नौका बांधल्या जातात आणि एकही नांगर तळास लागत नाही. पुढे ही पद्धत जगातील अनेक उष्ण कटिबंधीय उपसागरांत स्वीकारली गेली. ज्या पाण्यात पर्यटकांना प्रवाळ दाखविण्यासाठी दिवसातून अनेकदा होड्या थांबतात, तेथे असे बोये बसविले तर पर्यटनाचा व्यवसाय आणि त्या व्यवसायाचे भांडवल, अशी दोन्ही एकाच वेळी वाचतात.

गावाला काय करता येईल?

बंदर हा शासनाचा विषय आणि खोल पाणी हा नौदलाचा, अशी समजूत करून घेऊन पंचायती पुष्कळदा हात झटकतात. लहान बंदरांचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे आणि अभयारण्याचा वन विभागाकडे, हे खरे. परंतु ज्या गोष्टींसाठी मोठ्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही, अशा कितीतरी आहेत.

पहिली गोष्ट माहितीची. प्रत्येक खाडीचे एक साधे रेखाचित्र गावातल्या दोन-तीन वृद्ध तांडेलांना बसवून तयार करता येईल. जाळ्यांच्या जागा, बुडते खडक, वाळूचे दांडे, प्रवाळ आणि नांगर टाकण्यास योग्य असा चिखलाचा तळ त्यात दाखवावा, ते बंदर अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावे आणि धक्क्यावर रंगवून लावावे. ही विद्या बहुतांशी तोंडी आहे. ती जाणणारी पिढी वृद्ध होत आहे आणि तिची मुले यंत्रनौकांवर किंवा शहरांत गेली आहेत. उशीर झाला तर ही नोंद करून देणारे कोणी उरणार नाही.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. टाकून दिलेली जाळी आणि प्लॅस्टिकचे दोर नौकेच्या पंख्यात अडकतात, नांगराला गुंडाळले जातात आणि माशांना मारीत राहतात. धक्क्यावर जुनी जाळी जमा करण्याची जागा, पिण्याच्या पाण्याचा नळ, कचऱ्याची व्यवस्था आणि उतरण्यास शाबूत पायऱ्या एवढे असले, तरी पाहुणा नाविक गावात थांबतो, बाजार करतो आणि पुन्हा येतो. त्याच्याकडून माफक शुल्क घेण्यात गैर काही नाही. मात्र त्याचा विनियोग धक्क्यासाठीच झालेला दिसला पाहिजे.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. अनोळखी नौका खाडीत आली, तर तिच्याविषयी सागरी पोलिसांना कळविणे हे २००८ नंतरच्या काळात किनाऱ्यावरील प्रत्येक गावाचे कर्तव्य झाले आहे. परदेशी नौकेने तर सीमाशुल्क व प्रवेशाचे सोपस्कार नियत बंदरात आधी पुरे केलेले असले पाहिजेत. हे सोपस्कार आणि आतिथ्य यांत विरोध नाही. कागदपत्र पाहूनही माणसाला पाणी देता येते. समुद्रावरील संकटात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि बिनतारी यंत्रावरील १६ वी वाहिनी प्रत्येक धक्क्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी.

चौथी गोष्ट शिक्षकांची. किनाऱ्यावरील शाळेतील मुलांनी धक्क्याच्या खांबावर पट्टी रंगवून महिनाभर भरती-ओहोटी मोजली आणि ती तिथीच्या पाऊणपटीशी ताडून पाहिली, तर खगोल, गणित आणि भूगोल एकाच प्रयोगात शिकून होतील. वाऱ्याची दिशा सकाळ-संध्याकाळ टिपली, तर मतलई आणि खारा हे शब्द पाठांतराचे राहणार नाहीत. पोहता येणे आणि होडीत बसताना जीवरक्षक जाकीट घालणे या दोन सवयी मात्र प्रयोगावर न सोडता प्रत्येक मुलाच्या अंगी लावावयास हव्यात.

शासनाने लाखो रुपये खर्चून धक्का बांधावा आणि खाडी गाळाने भरून जावी, प्रवाळ नांगरांनी फुटावेत, जाळ्यांवरून पाहुणे व मच्छीमार यांच्यात तंटे व्हावेत, तर त्या धक्क्याने विकास झाला असे म्हणता येणार नाही. याउलट, जेथे पाण्याखालचा तळ शाबूत आहे, जाळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत आणि रात्री प्रत्येक नौकेवर दिवा आहे, तेथे अल्प खर्चातही शिडाच्या नौका येतील. त्यांच्याबरोबर येणारा पैसा मोठा नसेल. परंतु तो थेट गावातल्या वाण्याकडे, खानावळीत आणि होडीवाल्याच्या हाती पडणारा असेल.

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस बंदी असते आणि शिडाच्या नौकाही बाहेर पडत नाहीत. होड्या वर ओढलेल्या, माणसे घरी आणि तांडेल निवांत, असे हे साठ-एकसष्ट दिवस. खाडीचे रेखाचित्र काढण्यास, बोयांचा प्रस्ताव बंदर खात्याकडे धाडण्यास आणि धक्क्याच्या पायऱ्या दुरुस्त करण्यास आवश्यक ती तयारी याच दिवसांत होऊ शकते. पुढील ऑक्टोबरात मुंबईहून निघालेली एखादी नौका संध्याकाळच्या उन्हात अनोळखी खाडीत वळेल, तेव्हा तिच्या नाखव्याला नांगर कोठे टाकावा हे सांगणारा फलक तेथे असावा, आणि फलक वाचता न आला तर हात उंचावून जागा दाखविणारा माणूस धक्क्यावर असावा.